उणे चार

जळगावच्या जिल्हा फेरीत सावद्याच्या शाळेचा संघ पहिला आला, आणि तरीही संघातल्या तिघींपैकी कोणीच उडी मारली नाही. कारण मोठ्या पडद्यावर संघाच्या गुणांखाली आणखी तीन ओळी उमटल्या होत्या.

ऋजुता वारके, अठ्ठ्याहत्तर.
हिमानी झोपे, सव्वीस.
शबनूर तडवी, उणे चार.

"उणे?" हिमानी कुजबुजली. "वाटा उणे कसा असेल?"

"म्हणजे मी घरीच बसले असते तर आपल्याला आणखी गुण मिळाले असते," शबनूर म्हणाली आणि हसली. तिच्याबरोबर ऋजुताही हसली. पुढे कित्येक महिने ऋजुताला त्या दिवसातलं दुसरं काही आठवायचं नाही. पारितोषिक कोणाच्या हातून घेतलं तेसुद्धा नाही. आपण हसलो होतो, तेवढंच आठवायचं.

शालेय यंत्रमानव स्पर्धा जुनीच होती. 'वाटा' मात्र त्या वर्षी पहिल्यांदा आला. पालकांच्या तक्रारी फार वाढल्या होत्या: एक मूल राबतं, चौघांना प्रमाणपत्र मिळतं, आणि अकरावीच्या प्रवेशाला चौघंही ते सारखंच दाखवतात. मग संयोजकांनी ही प्रणाली बसवली. संघातल्या कोणी कोणती ओळ लिहिली, यंत्राला कोणी काय शिकवलं, याची सगळी नोंद वर्षभर आपोआप होत असे. स्पर्धा संपली की 'वाटा' त्या संघाचं यंत्र संगणकातल्या आभासी मैदानावर पुन्हा पहिल्यापासून घडवायचा. एकदा शबनूरचं काम वगळून, एकदा हिमानीचं, एकदा दोघींचं, एकदा तिघींचंही ठेवून. तीन मुली असल्या की असे आठ प्रकार होतात. प्रत्येकीच्या असण्यानसण्याने गुण किती वरखाली होतात याची सरासरी म्हणजे तिचा वाटा. तिघींची बेरीज नेहमी शंभर. गणितात कुठे खोट नव्हती. त्यांचे बऱ्हाटे सर विज्ञान शिकवत, त्यांनी दोन रात्री घालवून ते तपासलं होतं.

त्यांचं यंत्र म्हणजे एक हात होता. खांदा, कोपर, मनगट आणि रबर लावलेली तीन बोटं. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये घडापासून फण्या सुट्या करतात आणि चीक धुवायला पाण्याच्या टाकीत सोडतात. फणी जरा दाबली गेली तरी केळ्यावर दुसऱ्या दिवशी काळा डाग उमटतो. त्या वर्षीच्या स्पर्धेचं काम हेच होतं: सरकत्या ट्रॉलीवरच्या फण्या उचलायच्या आणि न दाबता टाकीत सोडायच्या. दहा मिनिटांत जमतील तेवढ्या.

पूर्वीच्या मुलांनी अशा हाताला एकेक हुकूम लिहून दिला असता: इतका पुढे जा, इतका खाली ये, बोटं मीट. या तिघी ते लिहायला शिकल्या आणि पहिल्या महिन्यातच कंटाळल्या, कारण कुठलीच फणी दुसऱ्या फणीसारखी नसते. मग सरांनी त्यांना दुसरी रीत दाखवली. तारा लावलेला हातमोजा घालून आपण फणी उचलायची. यंत्राचा हात तसाच हलतो, कॅमेरा सगळं टिपतो, आणि असे शेकडो धडे पाहून यंत्र स्वतःच अंदाज बांधायला शिकतं की असं दिसलं तर असं करायचं. कॅमेऱ्यातलं केळं ओळखायचा प्रोग्राम हिमानीने लिहिला. शिकवणीचं सगळं गणित ऋजुताने सांभाळलं. यंत्र धडे नुसते पाठ करतं आहे की खरंच शिकतं आहे, हे कसं ताडायचं ते ती दिवाळीच्या सुट्टीत एकटी बसून शिकली. धडे मात्र सगळ्यांत जास्त शबनूरने दिले. चारशे बारा.

शबनूरची आई फैजपूर रस्त्यावरच्या पॅकहाउसमध्ये फण्या कापायला जायची. शबनूर सातवीपासून सुट्टीत तिच्यासोबत टाकीवर उभी राहिलेली. ऋजुताने एक फणी उचलली की ती सरळ रेषेत टाकीत जायची. शबनूरची फणी वाटेत घसरायची, ती तळहाताने सावरायची, पुन्हा धरायची. दर तिसऱ्या वेळी असंच. 'वाटा'च्या लेखी ही चूक होती. अशा धड्यांनी यंत्राचा वेळ जात होता.

सोमवारी बऱ्हाटे सरांनी अहवाल टेबलावर ठेवला. शेवटच्या पानावर एक सूचना होती: शबनूर तडवी यांचे चारशे बारा धडे वगळल्यास गुणांत वाढ अपेक्षित.

"काय करायचं ते तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "संघ तुमचा आहे."

संघाची कप्तान ऋजुता होती. राज्याची फेरी नाशिकला, तीन आठवड्यांवर. मंगळवारी शबनूर शाळेत आली नव्हती. ऋजुताने मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडली, ते धडे निवडले आणि काढून टाकले. पंधरा सेकंदांचं काम. संध्याकाळपर्यंत यंत्र नव्याने शिकलं आणि दहा मिनिटांत तीन फण्या जास्त उचलू लागलं. ऋजुताला आनंद झाला, आणि तो खरा होता.

बुधवारी शबनूरने हातमोजा चढवला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझे धडे कुठं गेले?"

"काढले."

"सगळे?"

"अहवालात तसंच लिहिलंय, शबू. राज्याच्या फेरीपुरतं फक्त."

शबनूरने एकेक बोट सोडवत हातमोजा उतरवला. "मग मी काय करू इथं?"

ऋजुताला काहीतरी द्यायचं होतं तिला. जे सुचलं ते तिने दिलं. "ट्रॉली ढकल ना. ट्रॉली ढकलायला कोणीतरी लागतंच."

शबनूरने त्या दिवशी पाच वाजेपर्यंत ट्रॉली ढकलली. मधे एकदा हिमानीच्या बाटलीत पाणीही भरून आणलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. वर्गात ती दिसायची, पण तिने बाक बदलला होता. ऋजुता दोनदा तिच्या बाकापर्यंत गेली. पहिल्यांदा शबनूर वहीत काही उतरवत होती, दुसऱ्यांदा तास सुरू झाला. तिसऱ्यांदा ऋजुता गेली नाही.

आता संघात दोघी उरल्या, आणि दोघींत शंभर वाटायचे होते. हिमानीच्या पप्पांनी घरी हिशेब मांडला होता की सव्वीसवर जळगावच्या चांगल्या कॉलेजात विज्ञानशाखा मिळणार नाही. हिमानीने एक दिवस आपल्या प्रोग्रामला कुलूप घातलं.

"अगं, मला त्यात एक ओळ बदलायचीय," ऋजुता म्हणाली.

"काय बदलायचं ते सांग, मी बदलते."

"दोन मिनिटांचं काम आहे, हिमू."

"मग माझ्या नावावर दोन मिनिटं लागू देत," हिमानी म्हणाली. भांडणाचा सूर अजिबात नव्हता. जणू ती खिडकी लावून घ्यायला सांगत होती.

त्यानंतर दोघी एकाच खोलीत दोन टोकांना बसून काम करू लागल्या. पूर्वी त्या खोलीत इतका गोंधळ असायचा की शेजारच्या वर्गातून निरोप यायचा. आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

नाशिकच्या सभागृहात छत्तीस संघ होते. जिल्ह्याच्या फेरीला संयोजकांनी रबरी फण्या दिल्या होत्या. इथे खऱ्या होत्या, त्याच सकाळी कापलेल्या. देठांतून अजून चीक ठिबकत होता.

पहिली फणी यंत्राने झोकात उचलली. अर्ध्या वाटेवर ती चिकावरून बोटभर घसरली. इतकंच. आणि यंत्र थांबलं. हात हवेत थरथरू लागला, जरा पुढे, जरा मागे. मग फणी निसटली आणि टाकीच्या कडेवर आपटली. दुसरी फणीही तशीच गेली, तिसरीही. ऋजुता दोरीच्या बाहेर उभी होती. मैदानात हात घालायला परवानगी नव्हती. दहा मिनिटं ती पाहत राहिली. तिच्या यंत्राला फणी कशी धरायची ते उत्तम ठाऊक होतं. निसटायला लागली तर काय करायचं, हे त्याला कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

छत्तीस संघांत त्यांचा तेहतिसावा क्रमांक लागला. त्याखाली वाटे उमटले. ऋजुता वारके, एक्क्याण्णव. हिमानी झोपे, नऊ.

परतीच्या बसमध्ये हिमानी आपल्या पप्पांशेजारी बसली. बस भुसावळला थांबली. तिथे उतरताना पप्पांनीच ऋजुताला सांगितलं, "बेटा, वाईट वाटून घेऊ नको हां. पुढच्या वर्षी हिमानी फैजपूरच्या संघातून खेळेल. त्यांच्याकडे प्रोग्राम लिहिणारं कोणी नाही." हिमानी बॅगेची चेन लावत राहिली.

काढून टाकलेले धडे सरांच्या जुन्या डिस्कवर सापडले. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. सर चावी शिपायाकडे ठेवून जायचे आणि ऋजुता सकाळी आठला प्रयोगशाळा उघडायची. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. तिने पहिला धडा लावला.

कॅमेऱ्याने आवाजही टिपला होता, हे तिच्या लक्षातच नव्हतं. शबनूर सतत बोलत होती. कधी फणीशी, कधी यंत्राशी, कधी मागे बसलेल्या ऋजुताशी. "अगं थांब, कुठं चालली... हां, धरली! बघ ऋजू, धरली की नाही?" आणि मागून ऋजुताचाच आवाज, न वर बघता: "हं." एका धड्यात शबनूर सांगत होती, "माय म्हणते, फणी घट्ट धरायची नसते. सैल धरायची. निसटली तर खालून तळवा द्यायचा. घट्ट धरली की डागच पडतो." मागून पुन्हा: "हं."

ऋजुताने चारशे बारा धडे सहा दिवसांत पाहिले. मग आपले पाहिले. त्यांत नुसता मोटारीचा आवाज होता.

सातव्या दिवशी तिने नव्याने गणित मांडलं. 'वाटा'ने यंत्र ज्या रबरी फण्यांवर जोखलं होतं, त्या घट्ट धरल्या की कधी घसरतच नव्हत्या. घसरत्या फणीवर यंत्र जोखलं असतं तर? तिने आभासी मैदानातल्या फण्यांना चीक लावला आणि आठही प्रकार चालवले. ऋजुता, एक्केचाळीस. हिमानी, अठ्ठावीस. शबनूर, एकतीस.

तिने ते आकडे एका कागदावर उतरवले. मग सायकल काढून पॅकहाउसवर गेली.

दुपारचे बारा वाजले होते. पत्र्याच्या शेडखाली बायका टाकीच्या कडेला रांगेने उभ्या होत्या. शबनूर तिच्या आईशेजारी होती. ऋजुताला पाहून तिची आई म्हणाली, "आली का व माय? किती दिवसांनी! उन्हाची काबरं आली? शबनूर, पाणी दे तिला."

शबनूरने ओले हात ओढणीला पुसले आणि माठातलं पाणी आणून दिलं. दोघी शेडच्या टोकाला, रिकाम्या क्रेटवर बसल्या.

"शबू, मी परत मोजलं," ऋजुता घाईघाईने म्हणाली. तिने घडी घातलेला कागद उलगडला. "त्यांचं जोखणंच चुकलं होतं. खऱ्या फण्यांवर तुझा वाटा एकतीस येतो. अधिक एकतीस. हे बघ, तुझ्या धड्यांशिवाय यंत्राला सावरताच येत नाही. मी सरांना पत्र लिहायला सांगणार आहे, संयोजकांना. तुझा आकडा दुरुस्त करायला लावू."

शबनूरने कागद घेतला आणि नीट वाचला. सगळी बेरीज मनात करून पाहिली असावी, कारण शेवटी तिने मान हलवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग येशील ना? जूनपासून?"

"उणे चार होते तेव्हा तू माझ्या घरी आली नाहीस, ऋजू."

ऋजुताने पेला दोन्ही हातांत धरला.

"आठ मिनिटांचा रस्ता आहे. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. आठवडाभर बघितली. आज एकतीस झाले तर आलीस. उद्या दुसऱ्या कोणी आणखी वेगळं मोजलं आणि परत उणे आले तर?"

"तसं येणार नाही. मी नीट मोजलंय."

"तेच म्हणते मी. तू परत मोजूनच आलीस."

शेडमध्ये कोणीतरी शबनूरला हाक मारली. ती उठली. कागद तिने चुरगळला नाही की परतही दिला नाही. घडी घालून ओढणीच्या टोकाला बांधला. "धडे हवे असतील तर वापर," ती म्हणाली. "खरंच वापर, मला राग नाही. पण संघात माझं नाव घालू नको." मग जरा थांबून म्हणाली, "पाणी पिऊन जा. ऊन फार आहे."

ती टाकीकडे परत गेली. ऋजुताने पेला रिकामा केला आणि माठाजवळ पालथा घालून ठेवला.

जूनमध्ये नव्या वर्षाची नावनोंदणी सुरू झाली. ऋजुता दहावीच्या तिन्ही तुकड्यांत फिरली. मुलं तिच्याशी आदराने बोलत. पण तिच्या संघात यायला कोणी तयार नव्हतं. एका मुलीने स्पष्टच सांगितलं, "तुझ्यासोबत आले तर मला पाच-सहा मिळतील, ताई. त्यापेक्षा मी मंद मुलांच्या संघात जाते. तिथं चाळीस कुठं गेले नाहीत." ती मुलगी ऋजुताच्याच वयाची होती. तिने ताई म्हटलेलं ऋजुताला घरी जाईपर्यंत बोचत राहिलं.

फॉर्मवर तिने एकच नाव लिहिलं. एकसदस्यीय संघाला नियमाची हरकत नव्हती.

शबनूरचे धडे तिने वापरले नाहीत. वापरले असते तर 'वाटा'ने ते ऋजुताच्याच नावावर टाकले असते, कारण संघात दुसरं नावच नव्हतं. मग तिने स्वतःच चुका करायचं ठरवलं. हातमोजा घालून ती फणी मुद्दाम घसरू द्यायची आणि सावरायची. यंत्राला त्यातून काहीच शिकता येईना. तिने धडे पाहिले आणि कारण कळलं: फणी घसरायच्या आधीच तिचा तळवा खाली जाऊन थांबलेला असायचा. चूक कुठे होणार हे हाताला आधीच ठाऊक होतं. ठरवून केलेली चूक ही चूक नसते, एवढं यंत्रालाही कळत होतं.

श्रावणात एके दिवशी तिने हातमोजा उलटवून डाव्या हातात चढवला. डाव्या हाताने तिने आयुष्यात कधी साधी पेन्सिल धरली नव्हती. पहिली फणी थेट जमिनीवर गेली, दुसरीही. विसावी कशीबशी कोपराशी अडली. दिवाळीपर्यंत तिने डाव्या हाताने सहाशे धडे दिले. त्यांत शंभरएक वेळा फणी खरोखर निसटली आणि खरोखर सावरली गेली. सावरली की ती मान वर करायची. समोर कॅमेरा असायचा.

"शबनूर येत नाही हल्ली?" आईने एकदा जेवताना विचारलं.

"नाही."

"काही झालं का?"

"नाही. तसं काही नाही," ऋजुता म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

त्या वर्षी राज्याची फेरी संभाजीनगरला होती. फण्या खऱ्याच होत्या. ऋजुताचं यंत्र सावकाश चाललं. फण्या घसरत होत्या आणि ते त्या सावरत होतं. कधी कोपराने, कधी बोटांच्या मागच्या बाजूने. एक फणी दोनदा निसटूनही टाकीत नीट उतरली, तेव्हा प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. चाळीस संघांत ती सातवी आली. नावाखालचा आकडा लगेच उमटला. एकट्या माणसासाठी 'वाटा'ला काही चालवून पाहावं लागत नव्हतं. ऋजुता वारके, शंभर.

"शंभर!" परीक्षक बाई हात मिळवत म्हणाल्या. "पहिल्या सहांत कोणाचाच नाही. अभिमान वाटला पाहिजे तुला."

"हो," ऋजुता म्हणाली.

बऱ्हाटे सर गाडी बघायला बाहेर गेले होते. सभागृह रिकामं होऊ लागलं. यंत्राची लोखंडी पेटी तीस किलोची होती. येताना ती हमालाने आत आणून ठेवली होती, आता तो कुठे दिसत नव्हता. ऋजुताने एका बाजूची कडी धरून पेटी ओढून पाहिली. ती फरशीवर चरचरत वीतभर सरकली आणि अडली.

शेजारच्या मैदानात एक मुलगी वायरी गुंडाळत होती. सहावीतली असेल. तिच्या संघातली बाकीची मुलं दूर उभी राहून पडद्यावरचे आपापले आकडे पुन्हा पाहत होती.

"जरा एक बाजू धरशील?" ऋजुताने विचारलं. "दारापर्यंतच."

मुलीने पेटीकडे पाहिलं, मग वरच्या कॅमेऱ्याकडे. "हे वाट्यात धरतात का?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "हे कशातच धरत नाहीत."

मुलीने क्षणभर विचार केला. मग हातातल्या वायरी खाली ठेवल्या, पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वाकून कडी धरली.

"एक, दोन म्हटलं की उचलायची हां," ती म्हणाली. "मी म्हणते."